मागं शिंपडायचं पाणी

मुहन्नद,

शाळेत मुलांची परीक्षा घ्यायची आहे, म्हणून तुला न उठवताच निघाले. जाड बूट आणि कोट घालूनच जा, बॅगेचं वजन वाचेल. कोटाच्या खिशांत खजूर भरलेत, विमानतळावर महागडं काही खात बसू नकोस. बाटली रिकामीच ने, तपासणी झाली की आत भर. आईंचं आंब्याचं लोणचं मोठ्या बॅगेत टाकलंय. मागच्या खेपेसारखं तपासणीवाल्यांच्या घशात घालू नकोस.

जाणारा लवकर परतावा म्हणून त्याच्यामागं पाणी शिंपडतात; मागच्या खेपेला मी रागानं तुझ्यामागं शिंपडलं नाही, आणि तू दोन आठवड्यांचे दोन महिने केलेस! आज मी घरी नाही, म्हणून वरच्या मजल्यावरच्या उम्म सैफना सांगून ठेवलंय. त्या वाटीभर नाही, गच्चीवरून अख्खी बादली ओतणार आहेत. पळू नकोस, नीट भिजून जा.

— रगद