चौकटीतलं देऊळ

१२ जून, गुरुवार
शाळेतून थेट जयनगरला, आमच्या इतिहास शिक्षक संघाच्या बैठकीला. कार्यकारिणीत माणसं पाच आणि आवाज पन्नासांचा. विषय: शिक्षकांसाठी निघणाऱ्या यंदाच्या पुस्तिकेतला माझ्या मैत्रिणीचा, गिरिजाचा धडा. कर्नाटकातलं एक खेडं, मराठी फौज येते, गाव लुटते. गावच्या शानभोगाने (आपला कुलकर्णीच तो) त्याची नोंद कापडी वहीत करून ठेवलीय. गि. दोन वर्षं त्या वहीमागे होती. धडा सुरेख आहे. मुलं कान टवकारून ऐकतील.

जोगळेकर पेटले. पुण्याहून आलेत, सर्जापूर रोडच्या बड्या शाळेत शिकवतात. भांडत होते इंग्रजीतून, मध्येच माझ्याकडे वळून मराठीत, "हे आपल्याच लोकांच्या माथी का?" मी मराठी म्हणजे त्यांच्या बाजूची, हे धरूनच चाललेत! माझा जन्म इथलाच, बनशंकरीतला हो. दुसऱ्या टोकाला रंगस्वामी. त्यांना धड्याचं नावच 'मराठी लुटारू' हवंय. म्हणजे झालंच.

आमच्याकडे मतदान नाही. शेवटच्या प्रुफावर पाचही सह्या झाल्या तरच धडा छापायचा, एक कमी पडली की बाहेर. भांडणं टाळायला जुन्या मंडळींनी केलेला नियम. भांडणं कुठली टळतात, धडे टळतात.

१५ जून, रविवार
जोगळेकरांचा फोन. "ताई, लूट झालीच नाही असं मी म्हणत नाहीये. पण काहीतरी बॅलन्स हवा ना? दुसरी बाजू द्या, मी सही करतो." थोड्या वेळाने अध्यक्ष प्रेमा मॅडमचा. त्यांचंही तेच, चिटणीस म्हणून तूच लिही.

बसले आणि लिहून टाकलं. धड्याच्या शेवटी एक चौकट, चार ओळी. त्या काळी सगळ्याच फौजा लुटीवर जगायच्या, वगैरे. आणि शेवटी: 'पुढे त्याच फौजेच्या सरदाराने गावचे देऊळ स्वखर्चाने पुन्हा बांधून दिले.' बाबा नेहमी सांगायचे ही गोष्ट. ओळ काय चपखल बसली! स्वतःवरच खूश.

१९ जून, गुरुवार
पाचही सह्या!! जोगळेकरांनी तर हसत केली. रंगस्वामींनी कुरकुरत, पण केली. गि.ने चौकट वाचली. "हे मला माहीतच नव्हतं. बरं, तू लिहिलंयस म्हणजे आधार असणारच." आणि पेन उघडलं. मी काही बोलले नाही. बोलायचं काही आहे हे तेव्हा डोक्यातसुद्धा आलं नाही. सगळ्यांनी मिळून डोसे खाल्ले.

२१ जून, शनिवार
छापखान्याला आधारांची यादी द्यायचीय. गि.चे अकरा आधार, पान क्रमांकांसकट. माझ्या चौकटीपुढे जागा रिकामी. सकाळभर पुस्तकं उपसली. काही नाही. शेवटी भावाकडे, अण्णाकडे गेले, बनशंकरीच्या घरी. बाबांनी ती देवळाची गोष्ट कुठे वाचली होती रे?

अण्णा हसायलाच लागला. "अगं, बाबा कुठले वाचतायत! जन्म गेला मशिनांची ड्रॉइंगं काढण्यात. कुणाच्या तरी लग्नात ऐकलं असेल, मग प्रत्येक पंक्तीत सांगत सुटले. गावसुद्धा दर वेळी वेगळं असायचं, आठवत नाही तुला?"

आठवलं. तिथेच आठवलं.

तीस वर्षं पोरांच्या वह्यांत लाल शाईने 'आधार?' लिहितेय मी. माती खाल्ली.

२२ जून, रविवार
सांगितलं तर ओळ जाणार. ओळ गेली की जोगळेकरांची सही जाणार, सही गेली की गि.चा धडा. नाही सांगितलं तर मी बांधलेलं देऊळ शे-दोनशे वर्गांत पोचणार.

सुधाकरना सांगितलं. ते पेपरातून मान वर न करता, "एक ओळ ती. कोण बघतंय?" मी बघतेय ना! नवऱ्याला नाही कळायचं हे.

पण मी लिहिली का? जोगळेकरांना खूश करायला? छे. त्यांची पर्वा मला कधीपासून. मग

(नंतर.) वरचं वाक्य पुरं करायला बसले होते. जमलं नाही.

२४ जून, मंगळवार
शाळा सुटल्यावर गि.ला कॉफीला बोलावलं. सांगितलं सगळं. ती कप हातात धरून ऐकत राहिली. मग, "मला एकदा विचारायचं तरी. वही मीच वाचलीय ना?" बरोबर आहे.

मला वाटलं चिडेल, ओळ काढ म्हणेल. तर तिच्या कानडी ढंगात म्हणते, "स्वल्प थांब. आता गप्प बस. तुझी एक खोटी ओळ माझी सहा खरी पानं वाचवतेय. छापून होऊ दे, पुढच्या वर्षी काढू."

"तोवर पोरं ती परीक्षेत लिहितील, गिरिजा."

"आणि माझा धडा कुणीच लिहिणार नाही, ते चालेल तुला?"

वीस वर्षांची मैत्रीण. आज एकटीच उठून गेली.

२६ जून, गुरुवार
गि.चा फोन नाही. माझाही नाही. सोमवारी प्रूफ छापखान्यात जायचंय. वर्गात नववीच्या मुलीने विचारलं, मिस, हे पुस्तकात आहे म्हणजे खरंच ना? नेहमी यावर पाऊण तास बोलते. आज म्हटलं, उद्या सांगते.

२८ जून, शनिवार
खास बैठक मागवली. सांगून टाकलं. ही ओळ मी वडिलांच्या गप्पांतून घेतली, आधार नाही, काढायची आहे.

जोगळेकर चिडतील वाटलं होतं. उलट समजुतीने, "ताई, काढता कशाला? 'असे सांगतात' एवढं घाला की." प्रेमा मॅडमचा जीव भांड्यात पडला. गि.ने वर पाहिलं. मलाही क्षणभर वाटलं, सुटलो!

रंगस्वामी म्हणाले, "कोण सांगतात? एकटे हिचे वडील." या माणसाचं मला आयुष्यात कधी पटलं नव्हतं. आज पटलं, आणि रागही तेवढाच आला.

पेन घेतलं, ओळीवर आडवी रेघ मारली, शेजारी सही केली. जोगळेकर म्हणाले, मग माझी सही धरू नका. प्रेमा मॅडमनी गयावया केली तेव्हा, बरं, सोमवारी सकाळपर्यंत विचार करतो. जिन्यात मी गि.साठी थांबले होते. ती पुढे निघून गेली.

२९ जून, रविवार
चारच्या सुमाराला जोगळेकरांचा फोन. वाद घालायला नव्हता. "ताई, खरं सांगा. हा धडा वर्गात शिकवताना, आपल्या माणसांबद्दल... तुम्हाला काहीच नाही का वाटत?"

मी म्हटलं, "वाटतं हो. लाज वाटते. म्हणून तर देऊळ बांधलं मी. तुमच्यासाठी नव्हतं ते, माझ्यासाठीच होतं."

फोन कटला की काय म्हणून मी हॅलो हॅलो केलं.

"आहे, आहे," म्हणाले. "उद्या सकाळी सांगतो."

गि.ला कळवावं म्हणून तिचा नंबर काढला. पण कळवणार काय? धडा राहिला की गेला, हे मलाच माहीत नाही.