बेचाळीसची नाडी

प्रति,
मा. सदाशिवराव ओगले,
कार्यवाह, दक्षिणी मंडळ रुग्णालय न्यास,
थाटीपुर, ग्वाल्हेर.

विषय : अर्जदाराच्या हृदयाबद्दल दिलेला दाखला लेखी मागे घेतला जाणेबाबत.
संदर्भ : वैद्यकीय अधीक्षकांचा दि. २७ जानेवारी २०२६ चा दाखला.

महोदय,

१. अर्जदार डॉ. सीमंतिनी मुळ्ये आपल्या रुग्णालयात अकरा वर्षे भूलतज्ज्ञ आहेत आणि सहा वर्षे मॅरेथॉन धावतात. २२ फेब्रुवारीची दिल्लीची शर्यत पावणेचार तासांच्या आत पुरी करायची, हा त्यांचा ध्यास आहे. मागच्या खेपेस चार मिनिटे जास्त लागली, ती त्यांना अजून बोचतात.

२. ऑक्टोबरपासून वैद्यकीय अधीक्षक डॉ. महिपतराव मोहिते यांनी त्यांना ओळीने अकरा रविवार तातडीची ड्यूटी लावली. लांब पल्ल्याचा सराव रविवारीच असतो, हे अधीक्षकांना पक्के ठाऊक होते. विचारल्यावर म्हणाले, "इमर्जन्सी काय तुमची मॅरेथॉन बघून येणार? या तो नौकरी करो, या दौड़ो." अर्जदाराने दोन्ही केले. पहाटे रुग्णालयाच्या आवारातच, कमरेला फोन बांधून, बत्तीस किलोमीटर भरेपर्यंत फेऱ्या मारल्या. बोलावणे आले की चार मिनिटांत त्या ऑपरेशन थिएटरात हजर असत. सिटी सेंटरहून मोटारीने येणाऱ्या अधीक्षकांना पाऊण तास लागतो, हे गेटवरचे रजिस्टर सांगेल.

३. २७ जानेवारीला कर्मचाऱ्यांच्या वार्षिक तपासणीत अर्जदाराची नाडी बेचाळीस भरली. वर्षानुवर्षे धावणाऱ्याची नाडी संथच असते, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. अधीक्षकांनी मात्र लिहिले, "हृदय केव्हाही दगा देईल, धावण्यास अयोग्य", आणि तो दाखला परस्पर शर्यतीच्या आयोजकांना पाठवला. शनिवारी अर्जदाराचे नाव रद्द झाले. ज्याने दाखला दिला त्यानेच ७ तारखेपर्यंत तो मागे घ्यावा, असे आयोजक म्हणतात. हे अज्ञान असेल तर तसे सेवापुस्तकात नोंदवावे, अर्जदाराची हरकत नाही. पण हा आकस आहे आणि अर्जदार संतापल्या आहेत, हे स्पष्ट लिहिलेले बरे.

४. याच हृदयाला त्या आठवड्यात सलग छत्तीस तासांची ड्यूटी मात्र चालली.

५. आता मुख्य मुद्दा. गुरुवारी, ५ फेब्रुवारीला, अधीक्षकांचे स्वतःचे हर्नियाचे ऑपरेशन आपल्याच रुग्णालयात आहे. संमतिपत्रावर त्यांनी स्वहस्ते लिहिले आहे, "भूल फक्त डॉ. सीमंतिनी मुळ्ये यांनीच द्यावी." ज्या हृदयाचा भरवसा नाही, ते बेशुद्ध अधीक्षकांच्या उशाशी दोन तास कसे उभे करावे? तातडीच्या एकाही रुग्णाला अर्जदार नाही म्हणणार नाहीत, रुग्णांवर राग काढण्याची त्यांची रीत नाही. हे ऑपरेशन मात्र ठरवून करायचे आहे, आणि दाखला कायम असेपर्यंत त्या तिथे येणार नाहीत. दुसरे भूलतज्ज्ञ डॉ. सौरव त्या दिवशी मोकळे आहेत. त्यांना "बेभरवशाचा" असा शेरा अधीक्षकांनीच दिला होता.

६. दाखला आणि संमतिपत्र, दोन्हींवर एकच तारीख आणि एकच सही आहे. यांतला खोटा कागद कोणता, एवढेच अधीक्षकांनी बुधवारी संध्याकाळपर्यंत लिहून द्यावे. अर्जदार धावायला जातील किंवा डॉ. सौरव यांच्या हाती अधीक्षक जातील. निवड त्यांची.

आपल्या न्यायाकडे डोळे लावून,
आपली नम्र,
डॉ. सीमंतिनी मुळ्ये
दि. २ फेब्रुवारी २०२६

सोबत : १) दाखल्याची प्रत २) संमतिपत्राची प्रत

प्रत माहितीस्तव : डॉ. महिपतराव मोहिते. उपाशीपोटी वाचण्यास हरकत नाही.