चारशे शब्दांत मम्मी

बार्लो क्रीक, केंटकी
२९ सप्टेंबर, सोमवार

प्रिय कोल्बी,

तू मजेत असशील. इथे सगळं ठीक आहे. अक्रोडाची पानं गळायला लागली आहेत, व्हरांड्याची दुसरी पायरी अजून तशीच हलते, आणि माझी हॉस्पिटलातली रक्त काढायची ड्यूटी पहाटेचीच आहे. काल चर्चमध्ये ओपल मावशीने उभं राहून जाहीर केलं की आमच्या कोल्बीला मेडिकल कॉलेजातून मुलाखतीचं बोलावणं आलंय. पाच हजारांवर अर्ज, बोलावणी जेमतेम पाचशे, आणि त्यात आपल्या खोऱ्यातला पोरगा! टाळ्या वाजल्या. पाद्रींनी तुझ्यासाठी प्रार्थना केली. मम्मी असती तर, असं म्हणत बायका माझ्या गळ्यात पडून रडल्या. मीही टाळ्या वाजवल्या. तेव्हा अभिनंदन. एकदाच लिहून टाकते, कारण पुढे लिहवणार नाही.

फोन न करता पत्र का लिहिते आहे? कारण फोनवर तू ‘सिसी, सिसी’ करत रडायला लागतोस आणि मी विरघळते. चोवीस वर्षं हेच चाललंय. कागदावर तुला रडता येणार नाही.

तू पाठवलेला निबंध शनिवारी वाचला. घरी इंटरनेट धड चालत नाही, म्हणून नेहमीसारखी वाचनालयाच्या पार्किंगमध्ये गाडी लावली आणि स्टिअरिंगवर फोन टेकवून वाचला. दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचला असता तर फोन काचेवर आपटला असता.

आणि फोनवर किती सहज म्हणाला होतास! “सिसी, सेकंडरीत त्यांनी विचारलं होतं, अडचणीत असलेल्या माणसाची काळजी घेतल्याचा अनुभव लिहा. मी मम्मीचं लिहिलं. आता मुलाखतीत त्यावरच खोदून खोदून विचारणार. तू जरा बारीकसारीक सांग ना. कॉफीत ती पावडर कुठली घालायचो आपण?”

आपण!

कोल्बी, पहिला अर्ज सगळ्या कॉलेजांना एकच जातो. त्यात तुझे मार्क, तुझी परीक्षा. ते तुझे आहेत, कुणी हिरावून घेत नाही. मग प्रत्येक कॉलेज स्वतःचे प्रश्न पाठवतं, ती सेकंडरी. ती कशासाठी असते? मार्कांच्या मागे माणूस कसा आहे ते बघायला. आणि माणूस कसा आहे या प्रश्नाला तू माझं उत्तर लिहून पाठवलंस.

“दर दोन तासांनी मी आईला कुशीवर वळवत असे.” तू? मम्मीला अर्धांगवायू झाल्यापासून ती जाईपर्यंत तीन वर्षं झाली. त्या तीन वर्षांत तू अकरा वेळा घरी आलास. मी मोजलंय, हो, इतकी कोत्या मनाची आहे मी. त्यातल्या चार खेपा थँक्सगिव्हिंग आणि ख्रिसमसच्या. शेवटच्या खेपेचं सोडून देते. उरलेल्या वेळी तू तिच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसायचास, फुटबॉलचे स्कोअर सांगायचास, आणि तिची चादर बदलायची वेळ आली की तुला अंगणात लाकडं फोडायची आठवण यायची. हिवाळ्याला पुरून उरतील इतकी लाकडं फोडलीस तू.

बारीकसारीक हवंय ना? घे, लिहून घे. पातळ काही तिला गिळता येत नव्हतं, म्हणून ती पावडर; कॉफीत घातली की लगेच ढवळायची, नाहीतर गुठळ्या होतात आणि गुठळी तिच्या घशात अडकते. मधासारखी घट्ट झाली की चमच्याने भरवायची, डाव्या गालात, कारण उजव्या बाजूला तिला काही कळत नव्हतं. भरवून झालं की गालात बोट फिरवून बघायचं. ती चावायची. मुद्दाम चावायची, आणि मग हसायची. जेवायला राजमा, तोही कुस्करून, आणि वर मक्याच्या पावाचा चुरा दुधात भिजवून. टाचेखाली उशी, नाहीतर दोन दिवसांत जखम. हे तुला कुठल्याही पुस्तकात सापडलं असतं, पण तुझ्या निबंधात नाही, कारण तू पुस्तकही उघडलं नाहीस. तुला वाटलं, सिसी आहेच.

आणि शेवटची ओळ. ती वाचली आणि तळपायाची आग मस्तकात गेली. “जाताना तिने माझा हात धरला आणि म्हणाली, मला तुझा अभिमान वाटतो.”

अरे, लाज वाटली नाही? अर्धांगवायू झाल्यापासून मम्मीच्या तोंडात एकच शब्द उरला होता. मंगळवार. भूक लागली, मंगळवार. पाय दुखला, मंगळवार. ओपल मावशी फार बडबडायला लागली की दात खाऊन मंगळवार! मी त्या एका शब्दाचे चाळीस अर्थ शिकले, कोल्बी. तुझ्या प्रवेश कमिटीला हे खरं कळलं असतं तर त्यांनी खुर्चीतून उठून तुला आत घेतलं असतं. पण तुला चारशे शब्दांत बसणारी, छान बोलणारी, सिनेमातली आई हवी होती. खरी आई तुला परीक्षेत मार्क मिळवून देण्याइतकी नीट वाटली नाही.

आता नीट वाच. मी कॉलेजच्या प्रवेश कार्यालयाला पत्र लिहिलंय. या निबंधातला अनुभव ज्याने तो लिहिलाय त्याचा नाही, एवढंच, खाली सही. लिफाफ्यावर तिकीट लावून ठेवलंय. तुझी मुलाखत वीस तारखेला आहे. दहा तारखेपर्यंत तू स्वतः त्यांना कळव. नाहीतर मी लिफाफा दारातल्या पेटीत टाकीन आणि पोस्टमनने न्यावा म्हणून पेटीचं लाल निशाण वर करीन. पोस्टमन मग माझं ऐकणार नाही आणि तुझंही.

तुझी बहीण,
ट्वायला

ता. क. ती पावडर औषधाच्या दुकानात मिळते, निळ्या डब्यात. तू कधी आणली नाहीस म्हणून सांगितलं.


बार्लो क्रीक
५ ऑक्टोबर, रविवार

कोल्बी,

गुरुवारी तुझा फोन आला. तू रडशील असं वाटलं होतं. तू रडला नाहीस. म्हणालास, “सिसी, निबंध चारशे शब्दांचा असतो हे तुला कुणी सांगितलं? मी पाठवला त्यावर मर्यादा लिहिलेली नव्हती.”

मी म्हणाले, असंच, अंदाजाने.

“अंदाजाने? तूही अर्ज भरलायस ना?”

मग तू म्हणालास, “तीन वर्षांचं तू बोललीस ते सगळं खरं आहे. मी चोर आहे, मान्य. पण शेवटच्या ओळीबद्दल बोलू नकोस. तू तिथे नव्हतीस.”

मी फोन ठेवून दिला. चार दिवस मी तुझ्यावर आणखी चिडायचा प्रयत्न करतेय. भांडी घासताना, रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवताना. जमत नाहीये. राग आहे, भरपूर आहे, पण तो आता दुसरीकडेच जाऊन बसलाय.

हो, मीही त्याच कॉलेजला अर्ज भरला. यंदाच नाही, गेल्या वर्षीही. तुला काय वाटलं, मी बत्तीस वर्षांची होईपर्यंत संध्याकाळी रसायनशास्त्राचे वर्ग फक्त पगारवाढीसाठी करत होते? कुणाला सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं? घरात एक डॉक्टर व्हायचाच होता, तो तू. चर्चमध्ये दुसरी प्रार्थना शिल्लक नव्हती. मला मुलाखत मिळाली असती तर सांगितलं असतं. नाही मिळाली तर कुणी हळहळून माझ्या दंडावर थोपटू नये, एवढीच माझी इच्छा होती.

आता ते सांगते जे मी गेल्या पत्रात ‘सोडून देते’ म्हणून सोडलं.

गेल्या वर्षीच्या ऑगस्टमधला तो शनिवार. तू आदल्या रात्री आला होतास. मी म्हणाले, तू बस जरा मम्मीजवळ, मी औषध घेऊन येते. परत आल्यावर मी सगळ्यांना सांगितलं की दुकानात गर्दी होती. गर्दी नव्हती, कोल्बी. मी दुकानात गेलेच नव्हते. मी लॅपटॉप घेऊन वाचनालयाच्या पार्किंगमध्ये होते. सेकंडरी येऊन तेरा दिवस झाले होते. दोन आठवड्यांत पाठवली नाही तर मुलाखतीची आशा संपली, असं अर्जदारांच्या एका संकेतस्थळावर सगळे लिहितात. सगळे एकमेकांना घाबरवत असतात आणि मीही घाबरले. माझा निबंध चारशे सोळा शब्दांचा झाला होता. सोळा शब्द काढायचे होते.

तू सहा वेळा फोन केलास. मी फोन बाजूच्या सीटवर पालथा ठेवला होता, लक्ष विचलित होऊ नये म्हणून. मम्मीची काळजी मी कशी घेते यातले सोळा शब्द कापत मी गाडीत बसले होते, आणि मम्मी घरी मरत होती.

मग मी काय केलं ते ऐक. पंधरा दिवस तो निबंध तसाच पडून राहिला. अंत्यविधी झाला, मावशीने आणलेले डबे संपले, आणि मी परत पार्किंगमध्ये जाऊन शेवट बदलला. लिहिलं, “तिचा हात माझ्या हातात असताना तिने श्वास सोडला.” पाठवला. उशीर झाला होता, बोलावणं आलं नाही. यंदा तोच निबंध, तोच शेवट, जुलैमध्ये पहिल्या आठवड्यातच पाठवला.

म्हणजे बघ. तू माझी तीन वर्षं चोरलीस आणि मी तुझा एक तास चोरला. त्या कमिटीसमोर आपल्या मम्मीला दोनदा मरावं लागलं, दोन वेगवेगळे हात धरून. आणि कुणी काही विचारलं नाही, कारण पाच हजार निबंधांत अशा किती आया मरत असतील! त्या प्रश्नाचीसुद्धा मला चीड येते. आपल्या माणसाचं दुखणं नीट कापून, टाके घालून, दिलेल्या जागेत बसवून द्या, मग आम्ही ठरवू तुम्हाला दया आहे की नाही. पण त्यांनी खोटं लिहायला सांगितलं नव्हतं. ते आपलं आपण केलं.

शुक्रवारी सकाळी, एका म्हाताऱ्याच्या दंडाला पट्टा बांधत असताना, खिशातला फोन थरथरला. त्याची सुई काढली, कापूस दाबला, आणि मग पाहिलं. मुलाखत. सत्तावीस ऑक्टोबर. त्याच कॉलेजात, तुझ्या बरोबर एक आठवड्यानंतर. म्हातारा म्हणाला, “काय गं पोरी, लॉटरी लागली का?” मी म्हटलं, हो काका. आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून ठेवला आणि उभी राहिले. किती दिवस मी त्या ईमेलची वाट पाहत होते ते तुला कळेल. या जगात ते फक्त तुलाच कळेल.

या पत्राबरोबर तुला तो लिफाफा मिळेल, तुझ्याबद्दलचा. तिकिटासकट. मी तो टाकणार नाही. फाडलाही नाही. तू टाक किंवा जाळ, आता तो तुझा आहे.

दुसरा लिफाफा माझ्याबद्दलचा आहे. आईच्या मृत्यूच्या वेळी मी तिथे नव्हते, माझा भाऊ होता, मी खोटं लिहिलं, बाकीचं खरं आहे. एवढ्याच ओळी, मोजल्या नाहीत. तो या पत्राबरोबरच पेटीत जातोय. उद्या सकाळी निशाण वर असेल. बहुतेक सत्तावीस तारखेची मुलाखत गेली. गेली तर गेली, असं म्हणायला मी साधू नाही. मला भयंकर संताप येतोय. मी चांगली डॉक्टर झाले असते, कोल्बी. तूही होशील, चादर बदलायला शिकलास तर.

आता एकच मागणं आहे. गेल्या पत्रात मी छातीठोकपणे लिहिलं की मम्मी तसं म्हणूच शकत नव्हती. पण मला काय माहीत? मी तेरा महिने तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी कुठे होते तेही सांगावं लागलं असतं. त्या तासात काय झालं? ती घाबरली होती का? तू तिच्या कुठल्या बाजूला बसला होतास? डाव्या बाजूला बसला असलास तर तिला तू दिसला असशील. ती काय म्हणाली ते खरं खरं सांग. सजवू नकोस, कापू नकोस, कितीही लांब झालं तरी चालेल. नुसतं मंगळवार म्हणाली असेल तरी चालेल. कसं म्हणाली ते सांग, अर्थ मी लावीन.

फोन कर. या वेळी फोन पालथा नाही.

तुझी,
सिसी