ट्यूबाच्या श्वासाइतकी जागा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तो खरोखरच साष्टांग आहे, कारण हे पत्र मी टेबलाखाली पालथा पडून लिहितोय. घड्याळाचा एक स्क्रू उडालाय. (तिळाहून लहान. तू दिलेलं भिंग हातात आहे, उपयोग शून्य.) तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला? आम्ही सगळे ठणठणीत आहोत, कान तेवढे सोडून.

झालं असं, की आपल्या पोरीच्या संगीतशाळेने देशोदेशीची मुलं एकत्र वाजवायला बोलावली आणि घरोघरी एकेक पाहुणा वाटून दिला. मी पडलो घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. शाळेला बजावून सांगितलं, आमच्याकडे बासरीवाली पाठवा. आली ट्यूबावाली. ट्यूबा म्हणजे पितळेचं अजस्र वेटोळं, आणि तोंड एवढं की त्यात शेजारचं मांजर झोपावं. (झोपलंही. मग कसं उठलं ते विचारू नकोस.) मुलगी सतरा वर्षांची, दारातून वाकून आत येणारी, ना तिला आपली भाषा ना आपल्याला तिची. ती सकाळी फुंकायला लागली की माझ्या टेबलावरचे काटे, चाकं, स्प्रिंगा सगळे नाचायला लागायचे. मी कपाळाला हात लावला, आमच्या हिने मात्र पहिल्याच दिवशी तिला डोक्यावर घेतलं.

तुला ठाऊकच आहे, गेल्या वर्षी पोर स्टेजवरून रडत आत पळाली, तेव्हापासून व्हायोलिन वाजवते ती दार लावून. माणसांपुढे नाही म्हणजे नाही. आम्ही समजावून थकलो, पालथ्या घड्यावर पाणी. पाहुणीला भाषाच येत नसल्यामुळे तिने समजावलं नाही, हे आमचं नशीब. ती आपली बंद दाराबाहेर खुर्ची टाकून भों करत बसायची. ट्यूबाला दम फार लागतो. ती श्वासाला थांबली की घर क्षणभर गप्प. एके दिवशी त्या फटीत दाराआडून व्हायोलिनचे चार सूर आले. पुन्हा भों, पुन्हा चार सूर. मी विचारलं, तर पोर म्हणाली, "बाबा, ती कधी थांबणार ते मला आधीच कळतं." हळूहळू दार उघडं राहू लागलं. (आणि गिऱ्हाइकांची घड्याळं पुढे पळू लागली.)

कार्यक्रमाच्या दिवशी सगळी मुलं स्टेजवर, आणि आमची पडद्याआड खांबासारखी उभी. पाहुणीने सुरुवात केली आणि मध्येच वाद्य खाली घेऊन श्वास घेऊ लागली. घेतच राहिली. ताई, एवढा श्वास हत्तीलाही लागत नाही गं. वाजवणारे थांबले, सभागृह थांबलं, शाळेचे सर घाम पुसू लागले. तेवढ्यात पडद्याआडून ते चार सूर आले. मग पाचवा, सहावा, आणि वाजवत वाजवतच पोर बाहेर आली. मी रडलो. ही म्हणते, माझे हुंदके ट्यूबापेक्षा मोठे होते, पण हिचं काय मनावर घ्यायचं.

काल पाहुणी गेली, आणि आपली पोरही महिनाभर तिच्या गावी वाजवायला गेली. एकदाची शांतता मिळाली. आता मान खाली घालून काम करीन म्हणतो.

तुझा,
टेबलाखालचा भाऊ

ता. क. : स्क्रू ट्यूबाने उडाला नाही. मीच आज टेबलावर ठेका धरला होता.

ता. क. दुसरा : या सुट्टीत भाचेबुवांना पाठव. 'ड्रम घरी ठेवणार असशील तरच ये' असं मी मागे लिहिलं होतं ना? आता सांग त्याला, ड्रम आणणार नसशील तर येऊ नकोस.