खसखशीएवढे गोळे

पिंपळे सौदागर,
१४ नोव्हेंबर २०२५

चि. दिव्या,

मावशी-काकांना माझा नमस्कार सांग. मावशीचा गुडघा कसा आहे? महाळुंग्याच्या त्या धुरळ्यात तिला फार चालू देऊ नकोस. व्हॉट्सॲपवर तू मला ब्लॉक केलंयस, म्हणून हे पत्र पोस्टाने. फाडण्याआधी वाच.

तळवड्याच्या लॅबमध्ये तुझ्या जागेवर आता सुजित बसतो. बरा आहे, पण डबा कुणाला देत नाही.

तुला पिपेट धरायला मी शिकवलं. सहा वर्षं मी कॅन्सरच्या पेशी सपाट थरात वाढवत होते, कुणी ढुंकून पाहिलं नाही. तू आलीस आणि चौथ्याच महिन्यात त्याच पेशींचे खसखशीएवढे गोळे वाढवलेस. गोळ्यातल्या पेशी सपाट थरातल्यांपेक्षा चौपट ग्रोथ फॅक्टर सोडतात, गाठीकडे रक्तवाहिन्या ओढून आणणारं ते प्रथिन, हे आकड्यांत दाखवलंस. ज्ञानेशसरांनी सगळ्यांदेखत टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आतून नुसती जळत होते. घरी आईनेही तुझंच कौतुक लावलं, तेव्हा मी ताटावरून उठले.

मग सरांनी तोच प्रयोग मला करायला सांगितला. पडताळायला दुसऱ्या कुणाच्या हातचा आकडा हवा होता त्यांना.

सपाट पेशी तळाला चिकटून बसतात, त्यामुळे त्यांना पोसणारं जुनं द्रावण सगळं ओढून टाकायची माझ्या हाताला सवय. गोळे चिकटत नाहीत, म्हणून निम्मंच बदलायचं, हे तू मला दोनदा बजावलं होतंस. मी सगळं ओढलं. गोळे टाकाऊ द्रावणाच्या बाटलीत गेले आणि आकडा आला जवळपास शून्य.

चूक मला त्याच दुपारी मायक्रोस्कोपखाली दिसली होती. प्लेटमधले गोळ्यांचे खळगे रिकामे होते. तरी सरांना म्हणाले, "दिव्याचा आकडा माझ्या हातून येत नाही." यात खोटं काय, असं मनाला समजावत राहिले. तू आकडे फुगवलेस का, असं सरांनी विचारलं तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. मी हातमोजे काढत बसले. दुसऱ्या दिवशी तू राजीनामा दिलास.

दिवाळीनंतर मी प्रयोग पुन्हा केला, निम्मंच द्रावण बदलून. आकडा पाचपट आला. खरं सांगते, तो बघून आधी पुन्हा तशीच जळले.

आज सकाळी सरांपुढे वही ठेवली आणि रिकाम्या खळग्यांचंही सांगितलं. त्यांनी पानं उलटून पाहिली. मग म्हणाले, सोमवारपासून येऊ नका. ते तुला फोन करतील. उचल.

माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, आणि तिथेही तूच मोठी ठरशील. तेवढं मला सोसवणार नाही.

तुझ्यावर अजूनही जळणारी,
विजूताई