माझ्या जुन्या आवाजाची विल्हेवाट

मी, खाली सही करणारी, वय चौतीस, व्यवसाय चित्रपटांचे ध्वनिसंयोजन, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. यकृताचा आजार हाताबाहेर गेला आहे. डोके जागेवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणण्याइतके जवळ मी कोणाला येऊच दिले नाही.

१. राहती खोली, मायक्रोफोन, मिक्सर व हेडफोन पावलंवालीला द्यावेत. पडद्यावरच्या माणसांच्या पावलांचे, दारांचे, कपड्यांचे आवाज ती बंद खोलीत तयार करते. मी घर सोडून तिच्या दारात आले तेव्हा तिने एवढेच विचारले, “आधी चहा की आधी रडणं?” मी चहा घेतला.

२. मी काम केलेल्या ज्या भयपटामुळे त्याच्या दिग्दर्शकाचे नाव झाले, त्याविषयी. त्यातली खुनी बाई शेवटी पकडली जाते, तिच्या केसांचा टोप ओढला जातो आणि ती पुरुषी आवाजात हसते. भीती एवढीच की ती बाई नव्हतीच. मी बाई आहे. जन्मदाखल्यावर मुलगा लिहिले होते. दिग्दर्शकाला हे माहीत होते. नटीचे हसू पुरेना तेव्हा तो म्हणाला, “तुझा तो आधीचा आवाज काढ ना गं, एकदाच. लोकांची टरकली पाहिजे.” तो आवाज घालवायला मला पाच वर्षे रियाज करावा लागला होता. तरी काढला. काम हवे होते. हा दोष माझा. तो कोणाला वारशात देत नाही.

मात्र बभ्रा नको म्हणून त्याने माझे नाव श्रेयनामावलीत घातले नाही, आणि नाव नाही म्हणून आवाजाचा करारही केला नाही. माझ्या वकीलबाईंनी तपासले आहे: त्या हसण्यावर हक्क माझाच आहे. आता येऊ घातलेल्या दुसऱ्या भागात तेच हसू पुन्हा वापरले आहे. माझ्या वारसाच्या सहीशिवाय तो भाग प्रदर्शित होणार नाही.

३. दोन टेकच्या मध्ये रेकॉर्डर बंद करायची मला सवय नाही. काचेपलीकडून दिग्दर्शक त्या दिवशी माझ्या शरीराविषयी जे जे बोलला, ते सगळे स्वच्छ ऐकू येते. एक प्रत त्याला द्यावी, एक त्याच्या मुलीला. ती चित्रपटाचेच शिक्षण घेते. बापाचे पडद्यामागचे काम तिला माहीत असावे.

४. त्या हसण्याचा आवाज, त्यावरच्या हक्कासह, मी थोरल्या भावाला देते. दादा माझ्याशी नऊ वर्षे बोलला नव्हता. चित्रपट लागला त्या आठवड्यात त्याचा फोन आला.

“अरे, तो तुझाच आवाज ना? मी टाळ्या वाजवल्या! शेवटी खरं बाहेर आलंच की.”

“दादा, तो खुन्याचा आवाज आहे.”

“तेच म्हणतोय मी.”

अट अशी: दादाने पावलंवालीसमोर मायक्रोफोनमध्ये म्हणावे, “हा माझ्या धाकट्या बहिणीचा आवाज आहे.” तिला ते खोटे वाटले, तर पुन्हा म्हणावे. कितीही वेळा. हे वाक्य दुसऱ्या भागाच्या अखेरीस, पडदा काळा असताना, ऐकवावे. हे दिग्दर्शकाने लेखी मान्य केल्यावरच दादाने सही करावी.

५. दादाने नकार दिल्यास हक्क पावलंवालीकडे जाईल. तिने कोणालाही परवानगी देऊ नये व हसण्याचे मूळ ध्वनिमुद्रण पुसून टाकावे. चित्रपट डब्यात गेला तर त्याचे कारण दादाने चारचौघांत सांगत बसावे.

६. दादाला ते वाक्य म्हणण्यासाठी मुदत. वकीलबाई म्हणाल्या, “पंधरा दिवस पुरेत. असल्या माणसाला जास्त कशाला?” मी एक वर्ष लिहायला सांगितले.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे.

सही (आताच्या नावाने)

साक्षीदार: १. उपचार करणारे डॉक्टर २. तळमजल्यावरचे चष्मेवाले. पावलंवालीला वाटा असल्याने ती साक्षीदार नाही. बाहेर बाकावर बसली आहे.

स्थळ: माझी ध्वनिखोली
दिनांक: ९ नोव्हेंबर