धूर किती धरायचा?

मोहने, १७ नोव्हेंबर

चि. रसिकास,
अनेक आशीर्वाद. फोनवर तू अवकाळी पावसाचे टक्के सांगितलेस, त्यातलं मला काही कळलं नाही. म्हणून आपला सर्वेश ठाण्याला कामाला येतोय, त्याच्या हाती चिठ्ठी देते. रविवारी त्याच्या बहिणीची, आपल्या अक्षदाची हळद. अंगणात केली तर तुझ्या काकांना ओटीवरच्या खाटेवरून लेकीची हळद बघता येईल. पाऊस असेल तर हॉल, पण तो दुसऱ्या मजल्यावर. लकवा झालेल्या माणसाला वर कसं न्यायचं? तू ढगांचंच काम करतेस ना गं? एका शब्दात लिही, अंगण की हॉल. काकांचा जीव टांगणीला लागलाय.
तुझी मावशी, कलावती

वर्तकनगर, ठाणे, १८ नोव्हेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. एका शब्दात सांगता आलं असतं तर आमच्या हवामानाच्या ऑफिसला कुलूपच लागलं असतं! ढगातला थेंब धुळीच्या, धुराच्या कणाभोवती तयार होतो, आणि आपल्या हवेत असे कण नेमके किती, ते कळत नाही. धूर जास्त धरला तर थेंब बारीक राहतात, ढग न बरसता जातो. कमी धरला तर रविवारी पाऊस. माझंच डोकं चक्रावलंय. काकांना नमस्कार, माया असू दे.
तुझी, रसिका

मोहने, २० नोव्हेंबर

चि. रसिकास,
आशीर्वाद. तुझी चिठ्ठी शेजारच्या शेवंतीला वाचून दाखवली आणि लगेच कामाला लागलो. कालपासून सगळ्या आळीने ओला पाला पेटवलाय. ढग गेले की धुरात दिसेनासे झाले, तेच कळत नाही. काकांना खोकला लागलाय. अजून किती धरायचा?
तुझी, मावशी

वर्तकनगर, २१ नोव्हेंबर

ती. मावशीस,
सा. न. अगं, आधी तो पाला विझव! गणितात धरला म्हणजे मानला, पेटवला नव्हे! काकांना त्रास झाला, मला फार वाईट वाटतंय. रविवारचं मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. रागावू नकोस.
तुझी, रसिका

मोहने, २२ नोव्हेंबर

चि. रसिकास,
आशीर्वाद. पाला विझवला, खोकला उतरला. तुझ्या सगळ्या लिहिण्यातलं 'माहीत नाही' तेवढं नीट समजलं. काकांनाही वाचून दाखवलं. त्यांनी चांगल्या हाताने अंगणाकडे बोट केलं. तेव्हा हळद अंगणातच. त्यांची खाटही ओटीवरून अंगणात घेऊ, पाऊस आलाच तर तिच्यावर ताडपत्री धरायची आहे. तीन टोकांना माणसं मिळाली, चौथं तुला धरायचंय. येतेस ना? टक्क्यांत सांगू नकोस.
वाट बघणारी, तुझी मावशी